नोकरी लागल्यानंतरचे पहिले तीन महिने

निकाल लागतो, मुलाखत होते, कंपनीचे बोलावणे येते, घरात पेढे वाटले जातात आणि मूल मार्गी लागले असे आपण समजतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्याच्या कार्मिक विभागात माझी बहुतेक नोकरी झाली. निवृत्तीनंतर आम्ही काही जुने सहकारी ऐरोलीत शनिवारी दुपारी एकत्र बसून नोकरीच्या शोधात असलेल्या मुलामुलींना मार्गदर्शन करतो. या दोन्ही कामांतून माझे एक ठाम मत झाले आहे. शिक्षणाकडून नोकरीकडे जाताना सर्वांत अवघड टप्पा मुलाखतीचा नसतो. तो रुजू होण्याच्या दिवशी सुरू होतो आणि साधारण तीन महिने चालतो. या काळात नोकरी सोडणारी मुले कोणाच्याच हिशेबात धरली जात नाहीत. महाविद्यालयाच्या यादीत त्यांचे प्लेसमेंट झालेले असते, कंपनी त्यांच्या नावावर रेघ मारून पुढचा उमेदवार घेते, आणि घरी मात्र ‘याला कुठे टिकताच येत नाही’ हे वाक्य पुढची कित्येक वर्षे ऐकवले जाते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीतील इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांनी २०२४ मध्ये भारतातील रोजगारावर अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२ साली पदवीधर तरुणांमधील बेरोजगारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ते ३.४ टक्के होते. शिकून उपयोग नाही, असा याचा अर्थ काही जण काढतात. मला तो मुळीच मान्य नाही. ज्याला अक्षरओळख नाही, त्याच्या घराला त्याने रिकामे बसणे परवडत नाही, म्हणून तो मिळेल ते काम धरतो. पदवीधर मुलाच्या घरी काही महिने, कधी दोन-तीन वर्षेही, त्याला सांभाळून घेतले जाते. त्या काळात तो शिक्षणाला साजेशा कामाची वाट पाहत असतो आणि तसे काम पहिल्या दिवसापासून तसे दिसावे अशी त्याची अपेक्षा असते. पहिल्या नोकरीचे पहिले दिवस मात्र कधीच तसे दिसत नाहीत.

आमच्या भागात काम नाही असे म्हणता येणार नाही. वागळे इस्टेट आणि खाडीपलीकडची टीटीसी औद्योगिक वसाहत यांनी ठाण्यातील दोन पिढ्यांना पोसले. पुढे यांतले अनेक कारखाने बंद पडले आणि त्यांच्या जागी ऐरोली, घणसोली, महापे येथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. भिवंडीकडे गोदामे वाढली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून आमच्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या मुलाच्या तोंडी ‘एअरपोर्टला भरती आहे का?’ हाच प्रश्न असतो. बदलली आहे ती कामावर घेण्याची रीत. पूर्वी वडील ज्या कंपनीत असत तिथेच मुलगा लागे. फाटकापासून खात्यापर्यंत ओळखीची माणसे असत आणि पहिल्या महिन्यात चुकले तरी कोणी तरी सांभाळून घेई. आज मुलगा कंत्राटदाराच्या पेरोलवर असतो, ज्या साहेबाच्या हाताखाली तो काम करतो तो वेगळ्या कंपनीचा असतो, आणि अडचण कोणाला सांगावी हे त्याला कोणीही सांगितलेले नसते.

हा सांभाळून घेण्याचा काळ कायद्यानेच मिळवून देणारी एक जुनी व्यवस्था आपल्याकडे आहे, ती म्हणजे अप्रेंटिसशिप. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली तीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार पाच हजारांपासून नऊ हजारांपर्यंत ठरवले, म्हणजे आयटीआय झालेल्याला सात, पदविकाधारकाला आठ आणि पदवीधराला नऊ हजार. आकडे लहान आहेत आणि घरची ओढाताण असलेल्या मुलाला ते पुरत नाहीत, हे मी नाकारत नाही. परंतु शिकाऊ उमेदवाराला काम येत नाही हे सर्वांना आधीच ठाऊक असते, त्याने प्रश्न विचारणे अपेक्षितच असते आणि त्याला शिकवणे हे कोणाच्या तरी कामाचा भाग असते. नवख्या माणसाला याहून मोठी सवलत दुसरी कोणती असणार? म्हणून बारा हजारांची ‘ऑफिस असिस्टंट’ची नोकरी आणि चांगल्या कारखान्यातील वर्षभराची अप्रेंटिसशिप यांत निवड करायची वेळ आली, तर घर चालत असल्यास दुसरी घ्यावी, असे मी नेहमी सांगते.

मात्र एक गोष्ट स्वतः तपासून घ्यावी. अनेक ठिकाणी मुलांना ‘ट्रेनी’ म्हणून ठेवतात आणि ती स्वतःला अप्रेंटिस समजत राहतात. अप्रेंटिसचा करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला असतो, त्याला क्रमांक असतो आणि शेवटचे प्रमाणपत्र त्या नोंदणीवरच मिळते. करार नोंदलेला नसेल तर वर्षभर काम करूनही हाती कंपनीच्या लेटरहेडवरच्या चार ओळींपलीकडे काही येत नाही. अप्रेंटिसशिप फक्त आयटीआयवाल्यांसाठी असते हाही गैरसमजच आहे. पदवी आणि पदविका घेतलेल्यांसाठी पश्चिम भारतात शीव येथील शिकाऊ प्रशिक्षण मंडळामार्फत ती मिळते, आणि तिथे बीए, बीकॉम, बीएस्सी झालेल्यांनाही वाव आहे.

राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. बारावी उत्तीर्णांना सहा हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकांना आठ हजार आणि पदवीधरांना दहा हजार रुपये दरमहा असे विद्यावेतन तिच्यात सुरुवातीला सहा महिन्यांसाठी होते, आणि पुढे ही मुदत पाच महिन्यांनी वाढली. कारखान्यात किंवा कार्यालयात खरोखर काम शिकायला मिळाले त्यांना या योजनेचा चांगला उपयोग झाला. ज्यांनी सगळे महिने नोंदी टंकित करण्यात घालवले, ती मुले मुदत संपल्यावर होती तिथेच परत आली. योजना तीच असली तरी शिकवणारे माणूस मिळाले की नाही, यावरच सगळा फरक पडला.

आता प्रत्यक्ष तीन महिन्यांकडे येते. पहिली अडचण कागदांची असते आणि ती बहुधा कोणाच्या ध्यानीमनीही नसते. गेल्या पावसाळ्यात दिघ्याची एक मुलगी आमच्याकडे आली. आयटीआयमधून इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक झालेली, कामात तरबेज, आणि तरीही दुसरा महिना संपत आला तरी हातात पगार नव्हता. तिने फाइल उघडून टेबलावर कागद मांडले. दहावीच्या गुणपत्रिकेवर आपल्या बोर्डाच्या रीतीप्रमाणे आधी आडनाव, मग तिचे नाव, मग वडिलांचे नाव. आधार कार्डावर नुसते नाव आणि आडनाव. पॅन कार्डावर वडिलांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे. बँकेच्या पासबुकात तर आडनावातले एक अक्षरच गळलेले. यातले कोणतेही कागदपत्र खोटे नव्हते आणि कोणाचा हेतू वाईट नव्हता, परंतु भविष्यनिर्वाह निधीचे खाते आधारशी जुळेना, बँक खाते पडताळले जाईना आणि कंत्राटदाराचा माणूस ‘आधी नाव नीट करून आण’ एवढेच सांगत होता. ती रोज कामावर जात होती आणि जाण्यायेण्याचे पैसे आईकडून मागून घेत होती. आणखी पंधरा दिवस असेच गेले असते तर तिने नोकरी सोडली असती, आणि कार्मिक खात्याच्या वहीत कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ असे लिहिले गेले असते.

म्हणून शेवटच्या वर्षात असलेल्या प्रत्येक मुलाला मी सांगते की दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव हे मूळ धरायचे आणि बाकीची सर्व कागदपत्रे परीक्षेआधीच त्याच्याशी जुळवून घ्यायची. आधारवरील नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येते. त्यामुळे केंद्रावर दुरुस्ती करून घेताना पावतीवरचे प्रत्येक अक्षर वाचूनच तिथून उठावे. हे काम महाविद्यालयांनी हाती घेतले तर एका आठवड्यात अख्ख्या वर्गाचे होईल. व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानांवर जो वेळ जातो, त्यातला थोडा इकडे द्यावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

दुसरी अडचण पहिल्या पगाराच्या दिवशी येते. ‘अठरा हजार सांगितले होते आणि खात्यात सोळाही आले नाहीत’, अशी तक्रार घेऊन येणारी मुले फसवले गेल्याच्या भावनेने पेटलेली असतात आणि त्याच रागात राजीनामा देऊन मोकळी होतात. अशा वेळी मी त्यांच्यासमोर कागदावर हिशेब मांडते. ग्रॉस म्हणजे कपातीआधीचा पगार अठरा हजार आणि त्यात भविष्यनिर्वाह निधीसाठी धरलेले वेतन पंधरा हजार असेल, तर बारा टक्क्यांप्रमाणे अठराशे रुपये निधीत जातात. महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना राज्य कामगार विमा लागू होतो. त्याचे पाऊण टक्का म्हणजे एकशे पस्तीस रुपये. मुलगा असेल तर व्यवसाय कराचे दोनशे. महाराष्ट्रात पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर माफ आहे. राहिले पंधरा हजार आठशे पासष्ट. निधीत गेलेले पैसे त्याचेच आहेत, मालकानेही त्यात तेवढीच भर घातली आहे, आणि विम्याच्या त्या एकशे पस्तीस रुपयांत त्याच्यासह त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांच्या औषधपाण्याची सोय आहे, हे कळले की चेहरा बदलतो. मात्र सीटीसी, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च, म्हणून सांगितलेल्या रकमेत मालकाचा हिस्साही धरलेला असतो. तेव्हा मुलाखतीतच ‘हातात किती येतील?’ असे सरळ विचारावे. ते विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही.

कपात झालेली दिसते पण निधीच्या पासबुकात जमा दिसत नाही, असे असेल तर ते प्रकरण वेगळे आणि त्याची तक्रार केलीच पाहिजे. तसेच २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. ते मागून घ्यावे. आणि नोकरी लावण्यासाठी, प्रशिक्षणासाठी किंवा गणवेशाचे ‘डिपॉझिट’ म्हणून जो आधी पैसे मागतो, त्याच्या दारातून तिथूनच परत फिरावे.

तिसरी अडचण सर्वांत खोल आहे आणि तिच्यासाठी कोणताही अर्ज किंवा पोर्टल नाही. दिव्याचा एक मुलगा, रसायनशास्त्राचा पदवीधर, महाप्याच्या एका रासायनिक कारखान्यात गुणवत्ता प्रयोगशाळेत लागला. दुसऱ्याच आठवड्यात त्याचा फोन आला. “मॅडम, मला टायट्रेशन येतं. इथे ते कोणी करूच देत नाही. सकाळपासून नुसत्या बाटल्या धुतोय. यासाठी बीएस्सी केलं का मी?” त्याच्या आवाजात रागापेक्षा अपमान जास्त होता. मी त्याला विचारले, “तू धुतलेल्या फ्लास्कमध्ये आधीच्या नमुन्याचा थेंब राहिला तर काय होईल?” तो म्हणाला, “रीडिंग चुकेल.” “आणि त्या रीडिंगवर काय ठरतं?” हे त्याला माहीत नव्हते. त्या रीडिंगवर सबंध बॅच पुढे जाणार की अडवली जाणार हे ठरते. म्हणूनच नव्या केमिस्टला आधी काचसामान आणि नमुने गोळा करणे यावर ठेवतात. त्याचा हात स्वच्छ आहे की नाही हे पाहिल्याशिवाय त्याच्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. हे त्याला प्रयोगशाळेतल्या कोणी दोन वाक्यांत सांगितले असते, तर त्याने पंधरा दिवस मन जाळून घेतले नसते.

त्याच मुलाकडून मला आणखी एक गोष्ट उमगली. महाविद्यालयातील त्याचे जर्नल नेहमी देखणे असे. आकडा चुकला की व्हाइटनर लावून किंवा पानच नव्याने लिहून काढायची त्याला सवय होती आणि त्यासाठीच त्याला गुण मिळत. कारखान्याच्या नोंदवहीत नेमके हेच चालत नाही. चुकलेला आकडा वाचता येईल अशी त्यावर एकच रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा, सही करायची, तारीख घालायची. त्याने पहिल्याच आठवड्यात व्हाइटनर वापरले आणि त्याला सर्वांदेखत बोलणी खावी लागली. पंधरा वर्षांच्या शाळा-महाविद्यालयाने स्वच्छ पानाला महत्त्व दिलेले असते आणि कारखाना खरे पान मागतो. हा बदल मुलाच्या मनात घडवून आणण्याची जबाबदारी कोणाची, हे कुठल्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात चार श्रेयांकांचे प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण आले आहे आणि ते या दृष्टीने मोलाचे आहे, पण ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणलेले प्रमाणपत्र महाविद्यालयाने स्वीकारले तर ही संधी हातची जाते.

यावर आम्ही जे करतो ते अगदी साधे आहे. रुजू झालेल्या प्रत्येक मुलासाठी आमच्यातला एक जण ठरलेला असतो आणि तो तीन महिने दर रविवारी त्याला फोन करतो. या आठवड्यात नवीन काय पाहिले, कोणाचे नाव कळले, काय समजले नाही, इतकेच विचारायचे. उपदेश करायचा नाही. बऱ्याचदा मूल स्वतःच बोलता बोलता मार्ग काढते. नोकरी सोडायचीच असेल तर तेही आम्ही अडवत नाही, परंतु दुसरी हातात घेऊन आणि रीतसर राजीनामा देऊन सोड असे सांगतो, कारण न सांगता गैरहजर राहिलेल्याला अनुभवाचे पत्र मिळत नाही आणि पुढच्या कंपनीच्या चौकशीत ते आड येते. जिथे जिवाला धोका आहे किंवा मुलींशी वागणूक वाईट आहे, तिथे मात्र एक दिवसही थांबू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. टिकून राहण्याचा आग्रह अशा ठिकाणी लागू होत नाही.

पैशाचा प्रश्न फोनने सुटत नाही. पहिला पगार हाती यायला पाच-सहा आठवडे लागतात आणि तोवर रेल्वेचा पास, डबा, सुरक्षा बूट हा खर्च घरातूनच येतो. ग्रामीण तरुणांसाठी २०१४ मध्ये सुरू झालेल्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत हे ओळखलेले आहे. तिच्यात तीन महिने नोकरीत राहिल्यावरच प्लेसमेंट मोजले जाते, आणि नोकरीच्या ठिकाणानुसार दोन ते सहा महिने दरमहा हजार रुपयांची मदत धरलेली आहे. दिवा, कळवा, दिघा इथल्या मुलांना शहरात राहतात म्हणून अशी मदत लागत नाही असे मानणे चुकीचे आहे. एखाद्या कंपनीने पहिल्या पंधरा दिवसांनंतर थोडी उचल दिली तरी कितीतरी मुले टिकतील, आणि वारंवार भरती करण्याच्या खर्चापुढे ती उचल काहीच नाही.

पाळीचेही तसेच. दुसरी पाळी रात्री अकराला सुटते. जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्थानक सुरू झाल्याने तिथल्या मुलींची पायपीट पुष्कळ वाचली, पण कारखान्याच्या फाटकापासून स्थानकापर्यंतचा औद्योगिक वसाहतीतला रस्ता रात्री निर्मनुष्य असतो. कंपनीची बस त्या फाटकाशी थांबते की नाही, एवढ्यावर मुलीची नोकरी राहते किंवा जाते, आणि मुलाखत घेणाऱ्याने ही गोष्ट स्वतःहून सांगितलेली मी क्वचितच पाहिली आहे.

पालकांशी बोलताना मला ‘पर्मनंट’ हा शब्द सतत ऐकावा लागतो. त्यांची काळजी खोटी नाही. त्यांनी बंद पडलेले कारखाने पाहिले आहेत. पोलीस भरती किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलालाही काम धरू द्यावे, एवढेच मी त्यांना सांगते. तयारी आणि नोकरी एकत्र चालवणे कष्टाचे असते, पण वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी अनुभवाचा रकाना कोरा असलेल्या मुलाला दारात उभे करताना होणारी घालमेल मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिली आहे.

जून महिन्यात प्रवेश सुरू होतील आणि प्रत्येक महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत किती विद्यार्थ्यांचे प्लेसमेंट झाले हे ठळक अक्षरांत छापलेले असेल. पालकांनी त्या वेळी आणखी एक आकडा मागावा: त्यांपैकी तीन महिन्यांनंतर किती जण त्याच कामावर होते? बहुतेक ठिकाणी ही नोंद ठेवलेलीच नसते. पन्नास पालकांनी एकाच आठवड्यात हा प्रश्न विचारला तर ती ठेवायला सुरुवात होईल, आणि नोंद ठेवण्यासाठी का होईना, कोणी तरी त्या मुलांना फोन करील.